फराटा

कुणाच्याही घरी गेले की मी अजून आधी त्यांच्या टीव्हीच्या तळाशी सरकणारी बातम्यांची पट्टी वाचून पाहते. यजमानीणबाई पाण्याचा पेला घेऊन उभ्या असतात आणि मी बसायचं सोडून अक्षरांबरोबर डोळे उजवीकडून डावीकडे नेत राहते. अक्षरं स्वच्छ आली तर मन निवांत होतं. फरफटत आली तर चहा घेते, पण चहात लक्ष नसतं. ही खोड माहेरची नाही आणि सासरचीही नाही. दिग्रसला भाड्याने खोली घेतली, तिच्याबरोबर ती आली.

तिथल्या ज्युनिअर कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवायला रुजू झाले, तेव्हा राहायला जागा शोधत होते. जिनिंग फॅक्टरीच्या मागच्या गल्लीत कुणीतरी एक घर दाखवलं. पुढे टीव्ही दुरुस्तीचं दुकान, मागे मालकांचं राहणं, वर एक खोली. मालक साठीकडे झुकलेले, कापसाच्या पऱ्हाटीसारखे उंच आणि वाळके. चष्मा कायम कपाळावर आणि दिवसभर त्याचा शोध चालू. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती, आणि बाकी नजर जाईल तिथे टीव्ही. मी भाडं विचारलं, पाणी किती वेळ येतं ते विचारलं. त्यांनी कशाचंच उत्तर दिलं नाही.

"आधी बसा," ते म्हणाले. "अन् वाचा."

समोर दोन टीव्ही शेजारीशेजारी लावलेले. एक जुना, पोट सुटलेला, काचेच्या नळीचा. दुसरा नवा, चपटा. दोन्हीवर एकच बातम्यांचं चॅनल.

"याची पट्टी वाचा. मंग त्याची वाचा."

मी वाचली. जुन्यावर कापसाचे भाव अगदी काना-मात्रेसकट वाचता आले. नव्यावर तीच अक्षरं, ओल्या शाईवरून बोट फिरवावं तशी, मागे शेपूट सोडत चालली होती.

"यात फराटा उमटतो," मी म्हणाले.

"दिसून राह्यलं तुमाले?"

"दिसतंय की."

"मंग खोली तुमची. नळ सकाळी येते."

माझ्या आधी एक बँकेतले साहेब येऊन गेले होते. नोकरी पक्की, माणूस निर्व्यसनी, आगाऊ भाडं द्यायला तयार. काकांनी त्यांना परत पाठवलं होतं. घरमालकांना मी काकाच म्हणायचे, बाकी गावाला ते टीव्हीवाले भाऊ होते. "ज्याले दोन्ही टीव्ही सारखेच दिसते, त्याले घर कायले द्याचं?" असं त्यांचं म्हणणं. बँकेतल्या साहेबांनी पुढे स्वतःचं घर बांधलं आणि त्यात भिंतभर टीव्ही लावला, हे काका दुःखाने सांगायचे.

मी एम.एस्सी. झालेली. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना शहाणपण शिकवायला गेले की काका, हा सगळा सवयीचा भाग आहे, नवे टीव्ही तंत्राने पुढे गेलेले आहेत. त्यांनी वाद घातला नाही. "डोळे एका जागी ठेवा," म्हणाले. "पट्टीच्या मागं मागं नेऊ नका." मी टीव्हीच्या मधोमध असलेल्या एका ठिपक्यावर नजर रोवली. फराटा गेला. अक्षरं नुसती टप्प्याटप्प्याने उड्या मारत पुढे जात होती. "आता त्याईच्या मागं धावा." मी डोळे सोडले, फराटा परत हजर.

"पाह्यलं? टीव्हीत नाई फराटा. तुमच्या डोळ्यात उमटते. जुनं टीव्ही एक चित्र दाखवते अन् विझते. मधात अंधार. त्या अंधारात डोळा सुखानं पुढं सरकते, पुढचं चित्र त्याले बरोबर जागेवर भेटते. हे नवं विझतच नाई, बाप्पा. पुढचं चित्र येईलोक मागचं तसंच बसून राह्यते. पाहुणा उठतच नाई, तर दुसऱ्याले बसवाचं कुठं?"

रात्रभर मी इंटरनेट धुंडाळलं. शब्दाशब्दाने बरोबर निघालं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मी त्यांच्याकडे न बघता सटकणार होते, तर आतून आवाज आला, "चहा घेऊन जा, मॅडम." फराट्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

त्यांना घरी बोलावणं म्हणजे टीव्हीवर पाणी सोडणं. हातपाय धुवायच्या आधी ते रिमोट मागायचे, आत कुठेतरी तीन पायऱ्या खोल जाऊन एक सोय बंद करायचे आणि मग सुपारी उचलायचे. नव्या टीव्हीत एक युक्ती असते. हलतं चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून टीव्ही दोन खऱ्या चित्रांच्या मधे तिसरं स्वतः बनवून घालतो. काकांचा राग सगळा त्या तिसऱ्यावर. एका कापूस व्यापाऱ्याच्या मुलीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आम्ही दोघं गेलो होतो. नवरीकडची माणसं क्रिकेट बघत बसलेली. काकांनी रिमोट हातात घेतलाच. व्यापारी धावत आला.

"भाऊ, काहून बंद केलं? मस्त गुळगुळीत दिसत होतं."

"खोटं गुळगुळीतच असते. बॉल इथं होता, मंग तिथं होता. मधात कुठं होता, ते या टीव्हीनं पाह्यलं काय?"

"ते त्याले कसं दिसन?"

"नाई पाह्यलं ना? मंग सांगते कायले? खोटी साक्ष हाये ही. कोर्टात चालन काय?"

व्यापारी बिचारा साक्षगंधाच्या दिवशी कोर्टाचं नाव ऐकून आम्हाला जेवायला बसवायला धावला. आम्ही जेवून निघालो आणि फाटकाबाहेर चपला घालेपर्यंत आतून कुणीतरी ती सोय परत सुरू केली. काकांना ते खिडकीतून दिसणाऱ्या चित्राच्या चालीवरून कळलं असावं. मान हलवत म्हणाले, "जाऊ द्या. लोकाईले अंधार आवडत नाई."

पण त्यांना मधला अंधार हवाच होता, आणि तो नव्या टीव्हीत घालायचा कसा, यावर त्यांनी माझ्या देखत जे जे उपद्व्याप केले त्यातला पंख्याचा मी मरेपर्यंत विसरणार नाही. टेबलफॅनची पाती काढून त्यांनी तिथे पुठ्ठ्याची परातीएवढी चकती बसवली. चकतीला फटी पाडल्या. तो पंखा टीव्हीच्या पुढ्यात ठेवायचा आणि फिरत्या फटींतून टीव्ही बघायचा. फट आली की चित्र, पुठ्ठा आला की अंधार. चकती बारा वेळा कापली असेल. दुकानात पुठ्ठ्याचा ढीग, आणि गिऱ्हाइकं आपापला टीव्ही कधी मिळणार म्हणून पायरीवर बसलेली.

महत्त्वाचा सामना होता त्या दिवशी त्यांनी गल्लीला आमंत्रण दिलं. चकतीमागे एका वेळी दोनच माणसं मांडीला मांडी लावून बसू शकत होती, म्हणून एकेक ओव्हर वाटून दिली. बाकीच्यांनी अंगणात रांग लावली. माझी पाळी आली तेव्हा मी हसू दाबून बसले. काका रेग्युलेटरवर बोट ठेवून उभे, कान मोटरच्या आवाजाकडे. आधी नुसती भिरभिर. मग चित्र मंद झालं, एक काळा पट्टा वर सरकत सरकत नाहीसा झाला, आणि गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटला तो मला टाक्यांसकट दिसला. फिरताना दिसला. मी इतकी वर्षं क्रिकेट बघितलं होतं, पण चेंडू त्या दिवशी पाहिला.

"दिसले ना टाके?" काकांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

मी हो म्हणाले, आणि गल्लीतलं व्होल्टेज पडलं. पंखा मंदावला, पट्टा परत आला, आणि नेमका त्या अंधारात गडी बाद झाला. माझ्या शेजारी बसलेल्या पानटपरीवाल्याने ती विकेट आयुष्यभर मनाला लावून घेतली. पुढे त्या माणसाला चक्कर आली, अंगणातल्या दोघींचं डोकं धरलं, आणि गल्लीने 'भाऊचा पंखा' म्हणून एक नवीन शिवी तयार केली. काका मात्र खुशीत होते. एक मिनिट का होईना, जमलं होतं.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते. मलाही ते दोन वर्षांनी कळलं.

काकांची मुलगी नोकरीच्या गावी असायची, आणि बायको मी कधी पाहिली नाही. मी येण्याच्या कितीतरी वर्षं आधी त्या किडनीच्या आजाराने गेल्या. आर्णी रोडवरच्या एका गावी त्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं, आणि ऐकून ऐकून काकाही. "सिस्टरले भाकर जाड लागे," "सिस्टर असत्या तर तुमाले असं उपाशी नसतं जाऊ देलं." मला पहिल्यांदा हसू आलं होतं. नंतर वाटायला लागलं की कुणी आपलं नाव इतक्या मायेने घेईल तर शेजाऱ्यांचं उसनं नावही चालेल.

त्यांचे फोटो घरात होते. लग्नातला, सत्काराचा, ओळखपत्रावरचा. काकांना एकही आवडत नव्हता. "ह्या श्वास धरून उभ्या हायेत," म्हणायचे. "आमच्या सिस्टर कवा उभ्याच नाई राह्यल्या. गावात कोणाचं बाळंतपण, कोणाचं इंजेक्शन. चालता चालता वेणी घालत, चालता चालता भांडत. थांबलेल्या सिस्टर मले ओळखूच येत नाई."

हलत्या सिस्टर एकाच ठिकाणी होत्या. काकांचा एक मित्र लग्नाच्या शूटिंगा करायचा. त्याने नवा कॅमेरा आणला आणि चालतो का बघायला सकाळी बसस्टँडवर घेऊन आला. त्यात अकरा सेकंदं सिस्टर सापडल्या. स्टँडच्या टोकापासून पळत येतात, एसटी सुटायच्या बेतात आहे, पायरीवर एक पाय टाकतात, आणि मागे वळून जीभ चावतात. कारण डबा घरी राहिलेला. तो रोजच राहायचा आणि काका रोज मागून घेऊन जायचे.

"ते जीभ चावणं," काका म्हणाले, "तेवढंच पाह्याचं असते मले."

"तुम्ही कुठे होतात तेव्हा?"

"मी होतो तिथंच. मले पाहून कोणाले काय कराचं?"

दर रविवारी सकाळी वंदना झाली की मागच्या खोलीचं दार लागायचं. आत जुना नळीचा टीव्ही होता, सिस्टरच्या हातच्या भरतकामाचा कपडा अंगावर घेतलेला. त्यावर ते ती कॅसेट बघायचे. कुणाला आत घेत नसत. एक नियम मला बाहेरूनच सांगून ठेवला होता, चित्र मधे थांबवायचं नाही. "थांबवलं का तो फोटो होते. फोटो हायेत घरात."

ज्या उन्हाळ्यात तो टीव्ही विझला, त्या उन्हाळ्यात मी काकांना पहिल्यांदा म्हातारं पाहिलं. नळी गेली होती, आणि दुकानातला जुना टीव्ही तर त्याच्या आधीच बंद पडला होता. अशा नळ्या आता कुणी बनवत नाही आणि भंगारवाले तांब्यासाठी फोडून टाकतात. पांढरकवड्याला हायवेवरच्या एका ढाब्याच्या अडगळीत तसाच टीव्ही पडलाय असं कळलं, तर काका एसटीने गेले आणि नळी पोतडीत गुंडाळून मांडीवर घेऊन परत आले. उतरताना कुणाची तरी ट्रंक लागली. नळीची मान तडकली आणि आत हवा शिरल्याचा सुस्कारा सगळ्या गाडीने ऐकला. घरी येऊन त्यांनी ती नळी ओट्यावर ठेवली आणि हात धुतले.

त्यानंतरच त्यांनी मला आत बोलावलं. नवा टीव्ही होता, कॅसेट तीच. "तुमचा डोळा चांगला हाये. सांगा काय दिसते." मला एक बाई पळताना दिसली, असं म्हणवत नाही. साडीच्या रंगाचा एक फराटा स्टँडभर ओढत गेला. पायरीवर चेहरा वळला तेव्हा तिथे नाक नव्हतं, डोळे नव्हते. शेवटी उजव्या कडेने काहीतरी पांढरं सरकत आलं, कुणी प्रवासी असावा. मी काका दुखावू नयेत म्हणून म्हणाले, "येतंय बऱ्यापैकी."

"नाई येत," ते म्हणाले. "जीभ तं येतच नाई."

मग त्यांनी यवतमाळला बंद पडलेल्या एका गेमिंग कॅफेतून एक मॉनिटर आणला. गेम खेळणाऱ्यांना शत्रू पळताना स्पष्ट दिसायला हवा असतो, म्हणून त्या पडद्यांत मागचा दिवा क्षणोक्षणी विझवायची सोय असते. काकांना ते कळल्यावर ते दोन दिवस हरखून गेले होते. "जे आमच्या पिढीले नाई समजलं, ते या गेमवाल्या पोट्ट्याईले समजलं, मॅडम. त्याईले अंधार पाह्यजे." त्यांनी मॉनिटर उघडला, आपली तार त्यात घातली, आणि दिवा चित्राच्या तालावर आणला. अंधार घातल्यामुळे चित्र फिकट दिसायचं, म्हणून भर दुपारी खिडकीला गोधडी लावायची. त्यावर पट्टी लावली तर कापसाचे भाव पुन्हा काना-मात्रेसकट वाचता आले.

राहिली कॅसेट. तिला बुरशी धरली होती, आणि घरातला प्लेअर तिची फीत ओढून गुंतवायला लागला होता. मी पेपर तपासायला यवतमाळला जाणार होते. मीच म्हणाले, तिथल्या स्टुडिओत देते, पेनड्राइव्हवर करून आणते. काकांनी कॅसेट रुमालात बांधली.

"त्याले सांगजा, पन्नास पाह्यजे. पंचवीस नाई. यात एका सेकंदाचे पन्नास अर्धे चित्र हायेत. हे लोक दोन अर्धे मिसळून एक करते, पंचवीस बनवते. तसं नाई कराचं म्हणा."

"सांगते."

"विसरसान."

"काका, मी भौतिकशास्त्र शिकवते."

स्टुडिओवाल्याने कॅसेट उजेडात धरून बघितली आणि म्हणाला, ही एकदाच चालेल, दुसऱ्यांदा तुटेल. बाहेर पाऊस येईलसं झालं होतं, माझी गाडी निघायची होती, पेपरांचा गठ्ठा काखेत. मी म्हणाले, "चांगली साफ करून द्या." पन्नास-पंचवीस माझ्या डोक्यातही आलं नाही. खरं सांगायचं तर आलं होतं, आणि म्हाताऱ्याचा छंद म्हणून मी ते सोडून दिलं. चार दिवसांनी पेनड्राइव्ह मिळाला, आणि एका पिशवीत कॅसेटची तुटलेली फीत.

काकांनी गोधडी लावली. मला शेजारी बसवलं. पडद्यावर सिस्टर पळायला लागल्या, आणि एक नाही, दोन पळत होत्या. एकीच्या अंगातून दुसरी निघालेली, दोघी पुसट. पायरीवर दोन चेहरे एकमेकांत मिसळून एक धुकट गोळा झाला. जीभ नव्हती. काकांनी तीनदा लावलं. मग डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर नेला, तेव्हा मला कळलं की ते आज तो लावून बसले होते.

"पंचवीसच देल्ले वाटते त्यानं," ते म्हणाले.

"मी सांगितलं होतं त्याला," मी म्हणाले.

खोली अंधारी होती, हे बरं होतं. मी पडद्याकडे बघत होते, तिथे काही नव्हतं तरी.

"मंग त्याची चूक. तुमची कायची?" काका उठले, गोधडी काढली, घडी घातली. "चहा घेऊन जा."

पुढच्या वर्षी संस्थेने मला यवतमाळला पाठवलं. तिथे लोहाऱ्याच्या बाजूला मी आणि माझ्या नवऱ्याने घर केलं. काका दिवाळीनंतर एखाद्या रविवारी यायचे, आमचा टीव्ही तपासायचे, माझ्या नवऱ्याशी त्यावर भांडायचे, जेवून जायचे. अकरा सेकंदांचा विषय त्यांनी परत कधी काढला नाही. मी काढायला हवा होता. दर वेळी वाटायचं, आता बोलू, ताट वाढताना बोलू, फाटकापर्यंत सोडताना बोलू. ते एसटीत चढून खिडकीतून हात करायचे आणि माझं बोलायचं राहून जायचं. मागच्या थंडीत ते गेले. झोपेत गेले, असं म्हणाले सगळे.

महिन्याभराने त्यांची मुलगी दारात आली. ती नागपूरला नोकरी करते. तिच्या हातात गोधडीत गुंडाळलेला तो मॉनिटर होता. मागच्या बाजूला काकांच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली, 'उजेड वाढवू नये.'

"बाबांनी सांगून ठेवलं होतं, मॅडमले द्याचा म्हणून," ती म्हणाली.

तिच्यासमोर मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. स्टुडिओत मी काही सांगितलंच नव्हतं, वर खोटं बोलले, आणि तिच्या आईचं ते एवढंसं जे उरलं होतं ते माझ्या हातून गेलं.

"बाबांना माहीत होतं," ती म्हणाली. "मले म्हणाले होते तेव्हाच. मॅडम बोलल्या तवा माझ्याकडं पाहत नव्हत्या, म्हणे. मी विचारलं, मग तुम्ही बोलला काहून नाही? तर म्हणाले, एवढ्या वर्षांत तिलेच एकटीले फराटा दिसला, तिले कायले दुखवाचं."

ती गेल्यावर मी खूप रडले. माझ्या नवऱ्याने जेवण गरम करून समोर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या स्टुडिओत गेले. मला काही आशा नव्हती. निदान एका माणसासमोर तरी चूक कबूल करावी, म्हणून गेले असेन. स्टुडिओवाल्याने नाव-गाव विचारलं, जुनी हार्डडिस्क जोडली आणि म्हणाला, "मूळ आहे की. आधी आम्ही जसंच्या तसं भरून घेतो, मग साफ करतो. तुम्हीच म्हणाला होतात साफ करा म्हणून." तिथे, त्याच्या खुर्चीशेजारी, इतकी वर्षं ती अकरा सेकंदं पूर्ण पडून होती. दिग्रसहून ती दीड-दोन तासांच्या वाटेवर होती. काका दिवाळीनंतर माझ्याकडे यायचे ते याच रस्त्याने. मी एकदा जरी खरं बोलले असते, तरी ते दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने इथे येऊन बसले असते.

"पन्नास पाहिजे," मी त्याला म्हणाले. "पंचवीस नाही. दोन अर्धी मिसळायची नाहीत." त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं.

घरी आले. दुपार होती. खिडकीला गोधडी लावली. मॉनिटर सुरू केला, उजेड वाढवला नाही. डोळ्यांना जरा फडफड जाणवली, मग ती बसली.

सिस्टर पळत आल्या. पहिल्यांदाच त्यांना बघत होते मी. सडपातळ, पांढऱ्या साडीला निळा काठ, खांद्यावरची पिशवी प्रत्येक पावलाला उडते आहे. वेणीचं टोक दिसत होतं. चपलेचा अंगठा दिसत होता. पाय पायरीवर पडला, त्या वळल्या, आणि जीभ चावली. इतकी लख्ख की मला खुदकन हसू आलं. पण त्या कॅमेऱ्याकडे बघत नव्हत्या. उजव्या कडेकडे बघत होत्या. तिकडून ते पांढरं सरकत आलं आणि या वेळी ते प्रवासी नव्हतं. पांढरा शर्ट, कुरळे केस, पऱ्हाटीसारखा उंच एक तरुण माणूस डबा डोक्याच्या वर धरून जिवाच्या आकांताने पळत होता, आणि पळताना हसत होता.

इतक्या रविवारी काकांनी ही अकरा सेकंदं पाहिली, मला किती वेळा तोंडाने सांगितली. चित्रात आपणही दिसतो, हे एकदाही बोलले नाहीत. मी त्यांना कधी पळताना पाहिलं नव्हतं. तरुण पाहिलं नव्हतं. माझं बोट बटणावर गेलं होतं. एक क्षण थांबवावं, नीट बघून घ्यावं, असं फार वाटलं. मी थांबवलं नाही.

एसटी हलते. सिस्टर दारातून हात खाली करतात, काका डबा वर करतात. दोन्ही हातांमधे वीतभर अंतर उरतं आणि चित्र संपतं. डबा पोचला असेल. इतकी वर्षं रोज पोचला, तर त्या दिवशीही पोचलाच असेल असं माझं मन म्हणतं. पण ते मी पाहिलेलं नाही, आणि आता मी खोटी साक्ष देणार नाही.

मी पुन्हा पहिल्यापासून लावलं.